पडशाचा रकाना

माझ्या मुलीला दम्याचा पहिला झटका आला तो १९५४ च्या मार्गशीर्षात, ती पाच वर्षांची असताना; आणि शेवटचा आला तो १९५७ च्या आषाढात, ती आठ वर्षांची असताना. या दोहोंच्या दरम्यान चाळीस झटके आले. हा आकडा मी आठवणीवर विसंबून देत नाही. काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक झटका माझ्या हाताने नोंदलेला आहे. वहीत रकाने सहा होते : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, आदल्या दिवशीचे अन्न, झटक्याचा अवधी, आणि सहावा रकाना खालच्या गफूर पिंजाऱ्याची कापूस पिंजण्याची धनुकली चालू होती की बंद, याचा. वही वकिलाची होती. तीत खाडाखोड नव्हती. सातवा रकाना मात्र मी आखला नाही, आणि ही हकीकत त्या न आखलेल्या रकान्याची आहे.

मी मूळचा जामनेरचा, वकिली जळगावला. जुन्या पेठेत रुपचंदशेठ यांच्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर आम्ही तिघे राहत असू : मी, पत्नी धुरपदा आणि मुलगी मंजुळा. खाली, अंगणाच्या कडेच्या लांबट खोलीत, गफूर पिंजारी आणि त्याची बायको रईसा यांचे बिऱ्हाड होते. गफूर धुळ्याचा, तरुणपणी जळगावला आला आणि इथलाच झाला. त्यांना मूलबाळ नव्हते. दसरा उलटला की पेठेतल्या गाद्या-उश्या त्याच्या दारापुढे येऊन पडत आणि शिवरात्रीपर्यंत त्याच्या धनुकलीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, दिवसभर वाजत राही : एक लांब घुमारा, मागोमाग एक आखूड टोला, पुन्हा घुमारा. खोलीच्या दारातून कापसाचे पांढरे तूस अंगणात येई आणि उन्हात तरंगत राही. ते वर आमच्या खिडकीपर्यंत चढते, हे मी स्वतः पाहिले होते. पुढच्या साऱ्या युक्तिवादाचा पाया हाच.

पहिल्या झटक्याच्या वेळी मंजुळा अंथरुणावर उठून बसली, दोन्ही तळवे गादीवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढवून. तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. तिला श्वास आत घेता येत नाही, असे मला वाटले. पुष्कळ दिवसांनी कळले की घेतलेला श्वास तिला बाहेर टाकता येत नव्हता. धुरपदा ओवा भाजून पुरचुंडीने तिची छाती शेकत होती. खालून रईसा धावत वर आली आणि पोरीच्या पाठीशी दुमडलेली रजई लावून तिला पुढे रेलवून बसली.

त्याच हिवाळ्यात एकदा दुपारी तिला दम लागला, तेव्हा खाली गफूरने आपले काम थांबवले. आजाऱ्याला आवाजाचा त्रास नको, हा त्याचा विचार. खिडकीशी बसलेल्या मंजुळेने मात्र दारातून वर पाहणाऱ्या त्याला बोटाने खूण केली : थांबू नको. गफूर समजला. त्याने पुढ्यातला कापूस बाजूला सारला आणि नुसती रिकामी तात अगदी संथ वाजवू लागला. घुमाऱ्याबरोबर ती श्वास सोडू लागली आणि टोल्याबरोबर घेऊ लागली. घुमारा लांबत गेला तसतसा तिचा निःश्वासही लांबत गेला. पाऊण तासाने खांदे खाली आले.

त्या दिवसापासून हा प्रघातच पडला. दम लागला की धुरपदा कठड्यावरून हाक मारी, "गफूरभाऊ, वाजवा हो!" आणि खालून रिकामी तात सुरू होई, हिवाळा असो की नसो, हातात काम असो की नसो. मी मात्र वहीच्या सहाव्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द लिहीत असे : 'चालू'. तात कापसावर चालली होती की रिकामी, झटक्याआधी सुरू झाली की नंतर, हे लिहिण्याइतकी जागा त्या रकान्यात नव्हती. आणि ती जागा किती रुंद असावी हे ठरवणारा मीच होतो.

१९५६ च्या जानेवारीत मी मंजुळेला धुळ्याला डॉक्टर जीवराम यांच्याकडे नेले आणि गफूरच्या कापसाची सारी हकीकत त्यांना सांगितली. मुंबईत शिकून आलेला, पन्नाशीकडे झुकलेला, सावकाश बोलणारा हा गृहस्थ. त्यांनी मुलीच्या दंडावर सुईने बारीक ओरखडे काढले आणि त्यांवर निरनिराळे द्रव सोडले : कापसाच्या तुसाचा, घरातल्या धुळीचा, गवताच्या परागांचा, आणखी कसले कसले. वीस मिनिटांनी दोन ठिकाणी गांधी उठल्या.

"कापसाची गांध उठली, हे आपण मान्य करता?" मी विचारले.

"करतो."

"मग कारण सापडले."

"एक कारण सापडले. घरातल्या साध्या धुळीची गांध कापसाहून मोठी आहे, तिच्याकडे तुम्ही पाहिलेच नाहीत."

"आमच्या घरातली धूळ म्हणजे दुसरे काय? खालून उडालेला कापूसच."

डॉक्टर हसले. "वकीलसाहेब, तुम्ही तर धुळीलाही गफूरच्या विरुद्ध साक्षीदार करून टाकलेत!" मग खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "नीट ऐका. आपल्या शरीरात पहारेकरी असतात. रोगजंतू आला की त्यांनी धावून जावे, ही त्यांची नेमणूक. हिचे पहारेकरी अतिदक्ष आहेत. कापसाचे तूस, धुळीचा कण, ज्यांनी कुणाचे काही बिघडवलेले नाही, त्यांनाही ते दरोडेखोर समजतात आणि असा गोंधळ माजवतात की श्वासाच्या नळ्या सुजून आवळतात. मारामारीत घर मोडते ते पहारेकऱ्यांच्या हातून, आलेल्याच्या हातून नव्हे."

"म्हणजे तूस आले नाही तर मारामारीही नाही."

"इतके सोपे असते तर मी तुम्हाला आत्ताच घरी पाठवले असते. तूस रोज येते. झटका रोज येतो का? नाही. मग त्या ठराविक दिवशी निराळे काय घडते? मला सांगा, झटक्याच्या दोन-चार दिवस आधी हिला पडसे झालेले असते का?"

"पडसे कुणाला होत नाही?"

"तेच विचारतो आहे. पडशाचे जंतू नळ्यांचे अस्तर सोलून ठेवतात. धड कातडीवर मीठ टाकले तर कळतही नाही. सोललेल्या कातडीवर टाकून पाहा. पडसे सोलते आणि धूळ झोंबते. मला तर दाट संशय आहे की या वयाच्या मुलांत पुष्कळदा नुसते पडसेच पुरेसे होते, धुळीची गरजही लागत नाही." त्यांनी माझी वही चाळली आणि मनापासून म्हणाले, "वही उत्तम आहे. इतकी नेटकी नोंद मी पाहिली नाही. फक्त एक रकाना वाढवा. पडशाचा. आणि वर्षभराने मला दाखवा. तोवर गादीला मेणकापडाची खोळ घाला, आणि ज्याला पडसे झाले आहे अशा माणसाला हिच्याजवळ फिरकू देऊ नका."

"आणि पिंजारी?"

"तो दूर गेला तर थोडा फायदा होईल. थोडा."

परतीच्या मोटारीत मंजुळा माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती आणि मी मनाशी खटला जुळवीत होतो. डॉक्टरांच्या म्हणण्यातला 'फायदा होईल' हा भाग मी घेतला आणि 'थोडा' हा शब्द गाळला. पडशाचा रकाना आखावा असे पारोळ्यापर्यंत एकदा मनात आले होते. पण आमच्या घरी पडशाला आजार मानण्याची रीतच नव्हती. ताप आला तर माणूस निजे. पडसे झाले तर नाक पुसून कामाला लागे. जी गोष्ट आजार नाही ती आजाराच्या वहीत लिहायची कशी? हे कारण मी तेव्हा स्वतःला दिले. आज सांगतो : खरे कारण निराळे होते. तो रकाना भरला असता तर सहावा रकाना दुबळा झाला असता. आणि आपल्या पक्षाला दुबळे करणारा पुरावा आपणहून पुढे आणू नये, हे मी वीस वर्षे शिकलो होतो. मुलीच्या श्वासाच्या बाबतीत मी न्यायाधीश व्हायला हवे होते. मी वकीलच राहिलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी मी रुपचंदशेठना अंगणात बोलावले आणि वही त्यांच्यापुढे उघडली. एक्केचाळीस झटके, त्यांपैकी तेहतीस वेळा धनुकली चालू.

रुपचंदशेठ भिडस्त होते. त्यांनी वहीकडे पाहिले, गफूरकडे पाहिले आणि टोपी काढून डोके खाजवले. "वकीलसाहेब, तीस वर्षांचा भाडेकरू आहे हो. न सांगता अंगण झाडतो. पण तुम्ही असं लेखी काढलंत तर मी काय बोलू? तुमच्याशी बोलायला मला दुसरा वकील करावा लागेल."

गफूर दारात उभा होता. दाढीत, भुवयांत कापूस अडकलेला. तो म्हणाला, "वकीलसाब, कापूस तं बठ्ठास्ना घरमा शे, समदास्ना. तुमनी गादीमा शे, उशीमा शे, तुमना काया कोटना अस्तरमा शे. मंग मीच कसाले जाऊ?"

"गादीतला कापूस निजलेला असतो, गफूर," मी म्हणालो. "तू त्याला उठवतोस."

रुपचंदशेठना हसू आवरले नाही. त्या हशात प्रकरण निकालात निघाले, हे मला तत्क्षणी कळले. कोर्टात असे क्षण ओळखता येतात.

गफूरही किंचित हसला. मग खाली पाहून म्हणाला, "तुम्हनासंगे बोलामा कोन पुरी? जासू मी. पोरना दम मोकया व्हवाले पाहिजे, आखो काय?"

आठ दिवसांनी ते दोघे धुळ्याला निघून गेले. जाताना रईसा वर आली आणि तिने मंजुळेच्या केसांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडली. ती गेल्यावर मंजुळा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, मला दम लागला तर आता कोण वाजवेल?"

"आता दम लागणारच नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान डोलावली. मी वादात हरत नाही, हे तिलाही ठाऊक होते.

आणि खरोखरच तो अख्खा हिवाळा एकही झटका आला नाही. पौष गेला, माघ गेला. वहीची पाने कोरी राहिली. मी भेटेल त्याला ती कोरी पाने दाखवीत असे. मंजुळेचे गाल भरले. अंगणात ती दोरीवरच्या उड्या मारू लागली. एका गोष्टीचा मात्र मी कुणाजवळ उल्लेख केला नाही, कारण ती मला उल्लेख करण्याजोगी वाटलीच नाही : प्रकृती सुधारेपर्यंत म्हणून मी तिला शाळेतून काढले होते आणि घरीच शिकवीत होतो. साठ पोरांच्या वर्गात, बाकावर खांद्याला खांदा लावून, नाके ओढीत बसणे त्या हिवाळ्यात तिच्या वाट्याला आले नव्हते.

धुरपदा असोद्याच्या शेतकरी घरातली; ती शाळेत गेलेली नव्हती. एकदा भाकरी थापताना ती सहज म्हणाली, "यंदा पोरीले पडसंच नाही झालं. ओव्याचा डबा तसाच भरेल आहे."

"पडशाचा इथे काय संबंध?" मी म्हणालो. ती पुढची भाकरी थापू लागली.

१९५७ च्या जूनमध्ये तापाची साथ आली. वर्तमानपत्रे तिला फ्ल्यू म्हणत. ती परदेशातून बोटीने आली आणि आगगाडीने पसरली, असे छापून येई. आमच्याकडे ती आधी भुसावळला उतरली. तिथल्या रेल्वेच्या चाळींत घरेच्या घरे निजली होती. एका खटल्यासाठी मला लागोपाठ तीन दिवस भुसावळला जावे लागले. साक्षीदार खोकत होते, कारकून खोकत होते, पट्टेवाला पुकारा करताना मध्येच थांबून शिंकत होता. तिसऱ्या दिवशी घरी परतलो तेव्हा माझे नाक वाहत होते आणि अंग मोडून आले होते.

धुरपदेने दारातच ओळखले. "आज बाहीरच्या खोलीत निजा तुम्ही. अन् पोरीले जवय घेऊ नका."

"पडसे आहे, पटकी नव्हे."

"आयका माह्यं. तिले दम लागते तो पडसं झाल्यावरच लागते. दरवेळी."

"दरवेळी? वहीत दाखव."

"वहीत काय दाखवू मी? मले वाचता येते का?"

"मग बोलू नये. तिच्या दम्याचे कारण धुळ्याला जाऊन बसले आहे."

ती आत निघून गेली. त्या संध्याकाळी मी रोजच्याप्रमाणे मंजुळेला वाचायला बसवले. पुस्तक एकच होते. ती माझ्या दंडाला टेकून बसे आणि ओळीखाली बोट फिरवीत वाची. मध्येच मला शिंक आवरली नाही.

"भाऊ, तुम्ही पानावरच शिंकलात!" ती खुदकन हसली, फ्रॉकच्या टोकाने तिने पान पुसले आणि त्याच टोकाने आपले नाकही पुसले. मग पुढची ओळ वाचू लागली.

तिसऱ्या दिवशी ती शिंकू लागली. चौथ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी सकाळी ती उठून बसली, तळवे गादीवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढवून. आणि आठ महिन्यांनी ती शीळ आमच्या घरात पुन्हा ऐकू आली.

गावातले डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन सुई टोचून जात. सुईने दोन तास बरे वाटे आणि पुन्हा छाती भरे. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि मला बाहेर नेऊन सांगितले की आता दम्यावर फुप्फुसाचा दाहही चढला आहे.

मी आत आलो तेव्हा मंजुळा एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "गफूरचाचाला... बोलवा... ना."

"औषधाने बरे वाटेल, बाळ."

"वाजवायला."

मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली. तो अख्खा दिवस मी तसाच घालवला. आजारी मुलीजवळ पिंजाऱ्याची धनुकली आणणे धोक्याचे आहे, असे मी धुरपदेला समजावले. ते समजावताना मला पुरते कळत होते की मी धोक्याला भीत नाही. गफूरच्या दारात उभे राहायला भीत आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताना धुरपदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दोन रात्री ती निजली नव्हती.

"तुम्ही जाता का मी जाऊ? मले धुळ्याचा रस्ता माहीत नाही. पन पुसत पुसत जाईन."

मी पहिल्या मोटारीने निघालो. एरंडोल गेले, पारोळा गेले; पेरण्या झाल्या होत्या आणि काळ्या रानांतून कपाशीची दोन-दोन पाने वर आली होती. धुळ्यात पांझरेच्या काठच्या वस्तीत विचारीत विचारीत मी गफूरचे घर गाठले. दारात रईसा गोधडी लपेटून बसली होती. मला पाहताच ती उठून मागे सरली आणि तोंडावर पदर धरून म्हणाली, "मझार येऊ नका वकीलसाब. घरमा ताप शे. तुम्हाले लागी जाई."

ज्या माणसाने तिचे घर उठवले, त्याला ताप लागू नये म्हणून ती दारातून मागे सरली होती.

गफूर बाहेर आला. तो निम्म्याने वाळला होता. मी काही बोलण्याआधीच त्याने विचारले, "बेटी कशी शे?"

मी सांगितले. त्याने खुंटीवरची धनुकली उतरवली, जुनी तात सोडून टाकली आणि नवी चढवली. मग ओल्या फडक्याने ते सारे लाकूड पुसले, फडके पिळले, पुन्हा पुसले, पुन्हा पिळले. मी म्हणालो, "गफूर, मोटार सुटेल." तो म्हणाला, "एक तूस नही ऱ्हावाले पाहिजे. तुम्हीच सांगेल शे ना." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते.

आम्ही चार वाजता जळगावला पोचलो. जिना चढताना गफूरने खांद्यावरच्या पंचाने नाकतोंड बांधून घेतले आणि तो खोलीत न येता उंबऱ्याबाहेरच बसला. "माले बी ताप व्हयेल व्हता," तो म्हणाला. "दूरतीन वाजाडसू." डॉक्टर जीवराम यांच्याशी त्याची गाठ कधी पडली नव्हती. त्यांनी मला पढवूनही जे मी शिकलो नाही, ते या माणसाला कुणी न शिकवता कळले होते.

तात घुमली. मंजुळेने डोळे उघडले. तिने दाराकडे पाहिले नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत ती त्या आवाजाला आपला श्वास जोडू लागली. घुमारा, टोला, घुमारा, टोला. पहिल्यांदा श्वास मागे पडे, मग गाठे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हळू." गफूरने संथ केले. धुरपदा तिच्या पाठीशी रजई लावून, रईसा बसे तशी बसली होती. दिवेलागणीला पोरीचे खांदे बोटभर खाली आले आणि तिने दोन चमचे पेज घेतली. मला वाटले, सुटलो. तेवढ्यात त्या 'सुटलो' शब्दाची मला शरम वाटली. कारण त्या आनंदात मुलीबरोबर मी माझ्याही सुटकेचा विचार केला होता.

गफूर रात्रभर वाजवीत होता; अधूनमधून थांबून हात झटकी आणि पुन्हा वाजवी. सकाळी नऊच्या सुमाराला डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. त्यानंतर मंजुळा शांत दिसू लागली. शीळही मंदावली. शीळ मंदावणे हे नेहमीच चांगले लक्षण नसते, हे मला ठाऊक नव्हते. दहा वाजता टोला पडला आणि तिने श्वास घेतला. मग घुमारा झाला, लांबला, संपला. पुन्हा टोला पडला. तिने घेतला नाही.

उंबऱ्याबाहेरून गफूरला ते दिसत नव्हते. तो वाजवीत राहिला. आयुष्यभर ज्याचे शब्द अडले नाहीत, तो मी भिंतीला धरून उभा होतो, आणि आमच्या मेलेल्या मुलीसाठी तात श्वासाचे माप देत होती. शेवटी धुरपदा उठली, मंजुळेला हळूच उशीवर टेकवले, दारापर्यंत गेली आणि तिने तातेवर आपला तळहात ठेवला.

गफूर तिरडीमागून नदीपर्यंत आला. दूर, सगळ्यांच्या मागून. दुसऱ्या दिवशी तो धुळ्याला परतला. मी त्याला रुपचंदशेठच्या समक्ष सांगितले की खोली तुझीच आहे, परत ये. त्याने धनुकली खांद्यावर सावरली. "आते कसाले, वकीलसाब?" एवढेच तो म्हणाला.

तेरावा झाला. पाहुणे असोद्याला, जामनेरला परत गेले. त्यानंतर एका दुपारी मी वही काढली, पट्टी घेतली आणि प्रत्येक पानावर उजव्या कडेला सातवी रेघ ओढली. माथ्यावर लिहिले : पडसे. मग धुरपदेला हाक मारली आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी काय मागितले होते ते तिला सांगितले.

ती भिंतीशी टेकून बसली. मी एकेक तारीख वाचीत गेलो. तिला तारखा समजत नव्हत्या. म्हणून मी तिथी सांगे, सण सांगे, त्या आठवड्यात घरात काय घडले ते सांगे, आणि ती डोळे मिटून उत्तर देई.

"संक्रांतीच्या आदल्या हप्त्यात?"

"व्हतं. मामाच्या घरून नाक वाहातच आली व्हती. दोन दिस ओव्याची धुरी दिली."

"होळीनंतरचा?"

"व्हतं. शाळेतून आणलं. तिच्या बाकावरच्या पोरीलेबी व्हतं."

"त्यानंतरचा, चैत्रातला?"

"नाही. तवा पडसं नव्हतं. मी मिरच्या भाजत व्हती, त्या ठसक्यानं."

"कार्तिकातला?"

"तवाबी नव्हतं. खाली दारातच मोठी गादी फाटली व्हती ना, समदा कापूस उडाला." तिने डोळे उघडले. "तो एक खराच गफूरभाऊच्या कापसाचा."

ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आले तोवर आम्ही एक्केचाळीस ओळी भरल्या. पस्तीस वेळा पडसे होते. दोनदा नव्हते. चार वेळचे तिला आठवेना. "लिव्हू नका मंग," ती म्हणाली, "आठवत नाही ते खोटं लिव्हू नका." जिला अक्षरओळख नव्हती, तिला ही सारी वही अडीच वर्षे पाठ होती; मी एकदाही विचारले नव्हते.

बेचाळिसावी ओळ राहिली. ती मी वाचली नाही. तिनेही विचारले नाही. मी दौतीत टाक बुडवून 'होते' असे लिहिले. रकाना अरुंद होता, तरी त्यात आणखी एका शब्दापुरती जागा होती. मी लिहिले, 'माझे'.

"काय लिव्हलं?" धुरपदेने विचारले.

मी वाचून दाखवले.

ती मग उठली, ताकावरचे झाकण सारखे केले आणि पाठमोरीच म्हणाली, "शाई वाळू द्या. अन् ती वही धुळ्याच्या त्या डाक्टरले नेऊन द्या. त्यानं मांगितली व्हती ना?"